मदत हवी आहे : फोंडा ते नागपूर, आईला एकूण किती तास बसावं लागेल?

नमस्कार मंडळी,

नागपूरला माझी मावशी अंथरुणाला खिळून आहे आणि आईला तिला एकदा डोळे भरून बघायचंय. आई ७४ वर्षांची. गुडघे दुखतात, सलग दीड तास बसली की पाय धरतात. विमानात कधी बसलेली नाही. त्यामुळे मला किलोमीटरपेक्षा तासांची काळजी आहे.

गोवा ते नागपूर हवाई अंतर ८००-८४० किमी. म्हणजे पावणेदोन तासांचं काम. पण आमच्या तारखेला थेट विमान मिळत नाही आणि मुंबईमार्गे साडेसहा तास दाखवतंय. एवढा वेळ जातो कुठे? शिवाय गोव्यात दोन विमानतळ, त्यात जाताना मोपा, येताना दाबोळी असं तिकीट आहे. घेऊ का?

पेडण्याचा : तिकिटावरचा वेळ विमान जागेवरून हलल्यापासून उतरून पुन्हा जागेवर लागेपर्यंतचा असतो. मोपा-मुंबई हवाई अंतर ३९० किमीच्या आसपास, हवेत तासाभराच्या आत, तिकिटावर सव्वा तास. मुंबई-नागपूर ६८५ किमी, तिकिटावर दीड तास धरा. म्हणजे विमानात पावणेतीन तास, उरलेला वेळ मुंबईत थांबण्याचा. आईंच्या दृष्टीने मला हे बरंच वाटतं, मध्ये पाय मोकळे होतील. एका तासाच्या अंतराने दुसरं विमान मात्र मुळीच घेऊ नका, धावपळ त्यांना झेपणार नाही.

आणि तिकिटावरचा कोड नीट बघा. जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा. ५ जानेवारी २०२३ ला मोपाहून विमानं सुरू झाली, तरी अजून माणसं नुसतं 'गोवा' बघून तिकीट काढतात. माझ्या मेहुण्याने गाडी मोपाला ठेवली आणि परतीला रात्री उतरला दाबोळीला. फोंड्याहून तुम्हाला दाबोळीच जवळ. जाता-येता तेच बघा.

नागपूरकर : मुंबईत दोन्ही विमानं एकाच टर्मिनलची आहेत ना, ते आधी तपासा. टी-१ सांताक्रूझच्या बाजूला, टी-२ सहारला. टर्मिनल बदललं तर बाहेर पडून रस्त्याने जावं लागतं आणि पुन्हा तपासणी. दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर (बुकिंग क्रमांकावर) घ्या, सामान बहुधा थेट नागपूरला येतं. तरी काउंटरवर विचारून घ्या. व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवा, निदान ४८ तास आधी तरी. आईंना कडेची सीट द्या, उठायला-बसायला सोपं.

धागाकर्ता : दोघांचेही मनापासून आभार. जाता-येता दाबोळीचं तिकीट काढलं, मुंबईत दोन्ही विमानं टी-२ ची, मध्ये तीन तास. व्हीलचेअरही नोंदवली. आई कालपासून बॅग भरतेय. मावशीसाठी आंब्याचं लोणचं घातलंय तिने, बरणी चेक-इन बॅगेतच ठेवू ना?