डेपोतल्या टँकवर फोम सोडायचा नेमका क्रम काय? आधी पाणी की आधी फोम

शिफ्ट_बी

नमस्कार मंडळी. पेट्रोल-डिझेलच्या एका टर्मिनलवर शिफ्टला असतो, कुठल्या ते विचारू नका. आधीचे साहेब बदलून गेले आणि फायर सिस्टीमचा चार्ज माझ्या गळ्यात पडला. परवा मॉक ड्रिल झालं, 20 मीटर डायाचा डिझेलचा कोन रूफ (शंकूसारखं पक्कं छप्पर असलेला) टँक पेटलाय असं धरलं होतं. ऑपरेटरने फोम लाईनचा वॉल्व उघडला, वर चेंबरचा (टँकच्या कडेला जिथून फोम आत पडतो तो डबा) डिफ्लेक्टर बाहेरच्या बाजूला फिरवून ठेवला होता म्हणजे फोम टँकच्या बाहेर पडावा म्हणून, आणि सगळे माना वर करून बघत बसलो तर काही येईचना. दोन मिनिटं होत आली तशी ऑपरेटरला वाटलं काहीतरी चुकलं, त्याने वॉल्व बंद केला. परत उघडला तर नुसतं पाणी आलं!! फोमचं नाव नाही. मग ऑडिटवाल्याने विचारलं की क्रम काय आहे तुमचा, तर तिघांनी तीन उत्तरं दिली, एक म्हणे आधी फोमचा वॉल्व, एक म्हणे आधी पाणी, एक म्हणे ऑटोवर टाका आपोआप होतं.

सिस्टीम अशी आहे: ब्लॅडर टँक (आत रबरी पिशवीत फोमचं मूळ द्रव), 3 टक्क्याने पाण्यात मिसळायचा एएफएफएफ फोम, ते मिश्रण ठरल्या प्रमाणात करणारा रेशो कंट्रोलर, आणि डाईकच्या (टँकभोवतीच्या बांधाच्या) बाहेरून प्रत्येक टँकला वेगळी ब्रँच. मॅन्युअल इंग्रजीत आहे आणि त्यातलं ड्रॉइंग आमच्या पायपिंगशी जुळत नाही. कोणी नीट समजावेल का

पंपहाऊसवाला

भाऊ, पहिलं म्हणजे ते दोन मिनिटं काही न येणं हा फॉल्ट नाहीच. हिशोब करून बघ. 20 मीटर डायाच्या टँकचं क्षेत्रफळ 314 चौरस मीटर, आपल्याकडे ओआयएसडी म्हणजे तेल उद्योगाच्या सुरक्षा संचालनालयाच्या नियमाप्रमाणे कोन रूफला मिनिटाला चौरस मीटरमागे 5 लिटर सोल्युशन (पाणी आणि फोमचं मिश्रण) धरतात, म्हणजे साधारण 1570 लिटर मिनिटाला. आता तुझ्या पंपहाऊसपासून त्या टँकपर्यंत 6 इंची कोरडी लाईन समजा 200 मीटर असेल तर ती भरायलाच साडेतीन हजार लिटर लागतात, म्हणजे सव्वादोन मिनिटं वरती काहीच दिसणार नाही. ऑपरेटरला हे कोणी सांगितलेलंच नसतं, मग तो बिचारा घाबरून वॉल्व फिरवत बसतो. प्रत्येक ब्रँचला लाईन भरायचा वेळ काढ आणि वॉल्वजवळ ऑइल पेंटने मोठ्या अक्षरात लिहून टाक, मी तेच केलं होतं.

आता क्रम. आग दिसली की आधी टँक नंबर पक्का करायचा, अंधारात आणि धुरात शेजारच्या टँकची ब्रँच उघडणारे महाभाग मी पाहिलेत. त्याच वेळी दुसऱ्या माणसाने त्या टँकचं रिसीट, डिस्पॅच, ट्रान्सफर जे चालू असेल ते थांबवायचं, आरओएसओव्ही (लांबून बंद होणारा वॉल्व) बंद, गॅन्ट्री (टँकर भरायची जागा) बंद. पंप आपोआप यायला पाहिजेत, जॉकी म्हणजे छोटा पंप मुख्य पाइपचं प्रेशर 7 किलोच्या (चौरस सेंटीमीटरला) आसपास धरून असतो, प्रेशर पडलं की मेन पंप उचलतो, नाही उचलला तर हाताने स्टार्ट. मग कूलिंग, पेटलेल्या टँकवर आणि मध्यापासून त्रिज्या अधिक 30 मीटरच्या आत जे टँक येतात त्यांच्यावर मिनिटाला चौरस मीटरमागे 3 लिटरने पाणी. डाईकचा ड्रेन वॉल्व बंद आहे ना ते बघायचं, नाहीतर पाण्याबरोबर तेलही बाहेर.

मग फोम. फक्त त्या टँकची ब्रँच उघडायची, बाकीच्या बंद आहेत ही खात्री करायची, मग रेशो कंट्रोलरमधून पाणी चालू, प्रेशर बसलं की ब्लॅडर टँकला जाणारं पाणी आणि शेवटी फोम कॉन्सन्ट्रेटचा (ब्लॅडरमधल्या मूळ द्रवाचा) आउटलेट. पाणी वाहत असल्याशिवाय कंट्रोलर फोम ओढत नाही त्यामुळे नुसता फोमचा वॉल्व आधी उघडून काही होत नाही. आणि तुझ्याकडे नुसतं पाणी आलं म्हणजे बहुतेक आउटलेट उघडलाच नव्हता किंवा त्याच्या पुढचा स्ट्रेनर चोंदलाय. हे ड्रिलमध्ये हसण्यावारी जाईल पण खऱ्या आगीत टँकमध्ये पाणी ओतणं म्हणजे पाणी तळाशी आणि डिझेल वर, लेव्हल वाढत जाणार. फर्नेस ऑइलसारखं जड तेल असेल तर ते पाणी उकळून पेटतं तेल उसळून बाहेर येतं, तिकडे तर विचारूच नको.

मिडल_ईस्टकर

वरच्या काकांशी सहमत, एक गोष्ट जोडतो. एकदा फोम सुरू केला की मध्ये थांबायचं नाही. त्याच टँकचा हिशोब पुढे न्या, 1570 च्या 3 टक्के म्हणजे 47 लिटर कॉन्सन्ट्रेट मिनिटाला, 65 मिनिटांना तीन हजार लिटरच्या वर जातं. तेवढं ब्लॅडरमध्ये आहे का ते ड्रिलच्या आधी बघा. अर्ध्यात संपलं तर वरचा थर तुटतो आणि सगळं पहिल्यापासून. फ्लोटिंग रूफ म्हणजे तेलावर तरंगणारं छप्पर असेल आणि फक्त रिम सीलची (छप्पर आणि टँकच्या भिंतीमधल्या फटीची) आग असेल तर वाट बघायची नाही, लगेच मारायचा, कारण तिथे एरियाच कमी असतो. 30 मीटरचा फ्लोटिंग रूफ, फोम डॅम (फोम कडेलाच अडवणारी पट्टी) 80 सेंटीमीटर आत, म्हणजे जेमतेम 73 चौरस मीटर, 12 लिटरच्या रेटने 20 मिनिटांना पाचशे-सव्वापाचशे लिटर कॉन्सन्ट्रेट पुरतं. तिथे उगाच खालून मॉनिटरने (पाण्याच्या तोफेने) पाण्याचा मारा करू नका, रूफवर पाणी साचून ते तिरकं झालं किंवा बुडालं की छोट्या आगीची सगळ्या टँकची आग होते.

शिफ्ट_बी

धन्यवाद सर, लाईन भरायच्या वेळेचं तर कोणीच बोललं नव्हतं. ऑटोचं काय करू? आमच्याकडे पावसाळ्यात खोटे अलार्म येतात म्हणून पॅनेल मॅन्युअलवर टाकून ठेवलंय, माझ्या आधीपासूनच तसं आहे.

कंट्रोल_रूम

मॅन्युअलवर ठेवणं मला अजिबात पटत नाही. खोटा अलार्म येतो म्हणजे केबल ग्लँडमध्ये पाणी शिरतंय किंवा जंक्शन बॉक्स गंजलाय, ते दुरुस्त करा ना! जयपूरच्या तेल डेपोत 29 ऑक्टोबर 2009 ला काय झालं ते आठवा, पेट्रोल तासाभराहून जास्त वेळ गळत होतं, वाफेमुळे कोणाला वॉल्वजवळ जाताच आलं नाही, आणि स्फोटानंतर फायर सिस्टीम वापरायला उरलीच नाही, शेवटी टँक जळून जाऊ दिले. 11 माणसं गेली. त्यानंतर चौकशी करणाऱ्या एम. बी. लाल कमिटीने रिम सील डिटेक्शन, लांबून बंद होणारे वॉल्व, हायड्रोकार्बन डिटेक्टर हे सगळं सांगितलं ते उगाच नाही. आणि पावसाळ्यातच तर वीज पडते, ऑक्टोबर 2017 ला मुंबईच्या बुचर आयलंडवर डिझेलच्या टँकवर वीजच पडली होती.

पंपहाऊसवाला

ऑटोला माझा विरोध नाही पण थोडं वेगळं करून सांगतो. डिटेक्शन, अलार्म आणि पंप हे ऑटोच पाहिजेत, आणि मेन पंप बंद मात्र हातानेच व्हायला हवा. फ्लोटिंग रूफवर जे नायट्रोजन प्रेशरचे फोम व्हेसल बसवलेले असतात ते तर स्वतःच सुटतात, सीलजवळची ट्यूब उष्णतेने फुटली की काम सुरू, त्यांना हात लावू नका. पण सेंट्रल ब्लॅडरवरून कोणत्या टँकला फोम द्यायचा हे माणसाने बघून ठरवलेलं बरं असं माझं मत आहे, चुकीच्या टँकवर 3 हजार लिटर गेलं तर दुसरं आणणार कुठून.

आणि शिफ्ट_बी, ब्लॅडर तपासला का कधी? रबराच्या पिशवीच्या बाहेर पाणी असतं, तिथला ड्रेन थोडा उघडून काचेच्या बाटलीत घे आणि हलव. साबणासारखा फेस आला तर पिशवी फाटलीय. चेंबरवरपण चढायला लाव कोणाला तरी. हवा आत घ्यायची जी जाळी असते तिथे गांधीलमाशा मातीची घरटी करतात, मी एकदा पूर्ण बुजलेली जाळी बघितलीय. हवा नाही मिळाली की फोम बनत नाही, पातळ पाणी पडतं. तुझं "नुसतं पाणी" कदाचित हेच असेल, आउटलेट आणि स्ट्रेनर ठीक निघाले तर आधी ते बघ.

लॅब_टेक्निशियन

अजून कोणी बोललं नाही म्हणून, इथेनॉलचे टँक आहेत का तुमच्याकडे? साधा एएफएफएफ इथेनॉलवर टिकत नाही, अल्कोहोल त्यातलं पाणी ओढून घेतं आणि थर विरघळतो. तिथे एआर म्हणजे अल्कोहोल रेझिस्टंटच लागतो. ई-20 आल्यापासून इथेनॉलची साठवण सगळीकडे वाढलीय पण जुन्या डेपोत ब्लॅडर तोच आणि कॉन्सन्ट्रेटही तोच असं मी पाहिलंय. दोन्ही एकत्र मात्र भरू नका, एआर दाट असतो, रेशो कंट्रोलर त्याला चालतो का ते आधी मेकरला विचारा. बिनफ्लोरीनचा फोम घ्यायचा विचार असेल तरी हेच. कॉन्सन्ट्रेटचं सॅम्पल वर्षातून एकदा तरी लॅबला पाठवा.

शिफ्ट_बी

इथेनॉलचे दोन टँक आहेत आणि ब्लॅडर एकच 😐 उद्याच लिहून देतो वरती. बाटलीची टेस्ट आजच केली, फेस नाही आला. गांधीलमाश्यांसाठी उद्या मचाणवाले बोलावलेत.

एकच शेवटचं, पूर्ण फ्लो टेस्ट घेतली तर तो फोम जाणार कुठे? आमचे ईटीपीवाले (सांडपाणी शुद्ध करणारे) आत्ताच नाही म्हणतायत.

पंपहाऊसवाला

बरोबर आहे त्यांचं. फोम ऑइल-वॉटर सेपरेटरमध्ये गेला की तेल पाण्यात मिसळून जातं, सेपरेटर काही कामाचा राहत नाही. डाईकचा ड्रेन बंद ठेवून घे, डिफ्लेक्टर बाहेर, खाली ताडपत्रीचा हौद कर, आणि टँकरने उचलून पार्टीला दे जी असलं नेते. आणि टेस्ट संपली की लाईन गोड्या पाण्याने फ्लश कर, नाहीतर फोम आत सुकून पुढच्या वर्षी स्ट्रेनर परत चोंदलेला मिळेल.