संख्याशास्त्राच्या पदवीनंतर डेटाच्या क्षेत्रात कोणती वाट धरावी?

केळीपट्टा_रावेर यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. मी जळगावच्या एका महाविद्यालयात संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षात शिकत आहे. घर रावेर तालुक्यात असून वडिलांची केळीची शेती आहे. संभाव्यता आणि नमुना पाहणी हे विषय मला मनापासून आवडतात. आर या भाषेत थोडेफार काम जमते, पायथन नुकतेच सुरू केले आहे, आणि मामांच्या कृषी सेवा केंद्राची उधारी सांभाळताना एक्सेलवर बऱ्यापैकी हात बसला आहे.

पुढे काय करावे याविषयी घरात एकमत नाही. थोरल्या भावाच्या मते मी पुण्यात सहा महिन्यांचा डेटा सायन्सचा क्लास लावावा. त्याची फी लाखाच्या पुढे आहे आणि जाहिरातीत नोकरीची हमी दिलेली आहे. आमच्या मॅडम सांगतात की कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात एम.एस्सी. करावे. वडिलांना बँकेची परीक्षा सुरक्षित वाटते.

माझी अडचण मात्र याच्याही आधीची आहे. डेटा ॲनालिस्ट, डेटा इंजिनिअर आणि डेटा सायंटिस्ट यांची कामे जाहिरातींत इतकी एकमेकांत मिसळलेली असतात, की या जागेवरचा माणूस दिवसभर नेमके काय करतो हेच उमगत नाही. आणि ते उमगल्याशिवाय वडिलांकडे पैसे मागायला मन धजत नाही. शिवाय असे काम खान्देशात राहून मिळू शकते का, हेही जाणून घ्यायचे आहे.

तापीकाठ_चोपडा यांचे उत्तर

ताई, मी मूळचा चोपड्याचा असून सध्या पुण्यात विमा क्षेत्रात ॲनालिस्ट म्हणून काम करतो. तुमच्या घरी दर हंगामात जिची चर्चा होत असेल, ती हवामानावर आधारित फळपीक विमा योजनाच उदाहरणासाठी घेतो. या योजनेत तापमानाच्या जोखमीची भरपाई शेतातला पंचनामा करून ठरत नाही. महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावर नोंदलेले तापमान ठरलेल्या मर्यादेच्या वर किंवा खाली सलग ठरावीक दिवस राहिले की नाही, यावर ती ठरते. म्हणजे हा सगळा व्यवहारच नोंदींवर उभा आहे.

आता या केंद्रांवरून येणाऱ्या नोंदी रोज एका जागी आणून वापरण्याजोग्या करणे, हे डेटा इंजिनिअरचे काम. मधले काही तास गहाळ असतात, एखादी नोंद दोनदा येते, एका फाईलमध्ये गावाचे नाव ‘खिरोदा’ असते तर दुसरीत ‘खिरोदे प्र. यावल’ असते, आणि संगणकाच्या दृष्टीने ही दोन निरनिराळी गावे ठरतात. हा गोंधळ एकदा हाताने निस्तरणे सोपे असते. उद्या, परवा आणि पुढच्या वर्षी तो आपोआप निस्तरला जाईल अशी व्यवस्था उभी करणे अवघड असते, आणि पगार त्याचाच मिळतो.

लगतच्या दोन मंडळांपैकी एकाला भरपाई मिळाली आणि दुसऱ्याला मिळाली नाही, असे का झाले, हा प्रश्न ॲनालिस्टपुढे येतो. तो नोंदी काढतो, ताडून पाहतो आणि ज्याला संख्याशास्त्राचा गंध नाही अशा अधिकाऱ्याला चार वाक्यांत कारण सांगतो. माझा निम्मा दिवस एका तक्त्यातला आकडा दुसऱ्या तक्त्याशी का जुळत नाही हे शोधण्यात आणि उरलेला माणसांशी बोलण्यात जातो. आलेख काढण्याला फार थोडा वेळ लागतो, हे क्लासच्या जाहिराती पाहून कुणाला पटणार नाही.

पुढच्या हंगामात ती मर्यादा ओलांडली जाण्याची शक्यता किती, हप्ता किती असावा, आणि मोजक्याच वर्षांच्या नोंदी हाती असताना या अंदाजावर किती भिस्त ठेवावी, हे प्रश्न डेटा सायंटिस्टचे किंवा विमागणितज्ञाचे. तुमची आवड पाहता तुम्ही शेवटी इथे पोहोचाल असे वाटते. मात्र नुकत्याच पदवी घेतलेल्या उमेदवाराला अशी जागा सहसा मिळत नाही, कारण चुकीच्या अंदाजाची किंमत मोठी असते आणि त्या धंद्याची जाण असलेलाच माणूस कंपन्यांना हवा असतो. म्हणून सुरुवात ॲनालिस्ट म्हणून करावी असे माझे मत आहे. पदनामावर मात्र जाऊ नका. ‘डेटा सायंटिस्ट’ म्हणून भरती करून रोजचे अहवाल बनवून घेणाऱ्या जागा आहेत, तशाच ‘एमआयएस एक्झिक्युटिव्ह’ (कंपनीचे नियमित अहवाल सांभाळणारा) या साध्या नावाखाली उत्तम विश्लेषण करायला मिळणाऱ्या जागाही आहेत. जाहिरातीतला कामाच्या स्वरूपाचा परिच्छेद वाचावा.

भुसावळ_जंक्शन यांचे उत्तर

वरच्या उत्तरातील कामांची फोड योग्य आहे, परंतु ‘सुरुवात ॲनालिस्ट म्हणूनच’ हा सल्ला मला सरसकट मान्य नाही. ॲनालिस्टच्या जागेसाठी पॉवर बीआय (आलेख आणि अहवाल बनवण्याचे सॉफ्टवेअर) शिकलेल्या उमेदवारांची रांग लागलेली असते, तर चांगला प्रोग्राम लिहिता येणारा नवखा इंजिनिअर शोधावा लागतो. पायथनमध्ये मन रमत असेल, तर डेटा इंजिनिअरिंगचा विचार पहिल्या दिवसापासून करायला हरकत नाही. मी तेच काम करतो. त्यात श्रेय कमी मिळते, कारण सगळे सुरळीत चालू असते तेव्हा आपली आठवण कुणालाच येत नाही.

वाट कोणतीही धरा, एसक्यूएल, म्हणजे तक्त्यांत साठवलेली माहिती काढण्याची भाषा, चुकणार नाही. माहिती एकमेकांशी जोडता येणाऱ्या तक्त्यांत मांडण्याच्या, ई. एफ. कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या रिलेशनल मॉडेलवर ती आधारलेली आहे आणि आजही बहुतेक कंपन्यांच्या मुलाखतीत पहिला प्रश्न तिच्यावरच येतो. एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळींपेक्षा अधिक ओळी मावत नाहीत, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे, ते म्हणजे वेगवेगळे तक्ते अचूक जोडता येणे, आणि ते तुमच्या मामांच्या दुकानाच्या उधारीवरूनच सांगतो.

ग्राहकांचा एक तक्ता, बिलांचा दुसरा आणि जमा रकमांचा तिसरा, अशी मांडणी करा. आता एका शेतकऱ्याची ३ बिले आहेत आणि त्याने २ वेळा पैसे भरले आहेत. हे तिन्ही तक्ते केवळ ग्राहक क्रमांकावर एकदम जोडले, तर त्या शेतकऱ्याच्या ६ ओळी तयार होतात. बिलांची बेरीज दुप्पट दिसते आणि जमा रकमेची तिप्पट, म्हणजे प्रत्यक्षात पैसे बाकी असलेला माणूस कागदावर आगाऊ भरणा केलेला दिसू शकतो. संगणक कोणतीही चूक दाखवत नाही. बिलांची आणि जमेची बेरीज आधी वेगवेगळी काढून मगच ती जोडायची असते. मी उमेदवाराला हाच प्रश्न विचारतो, आणि भारी प्रमाणपत्रे घेऊन आलेले अनेक जण इथे अडकतात.

हे शिकायला लाख रुपये लागत नाहीत. एसक्यूएलवर चालणारे पोस्टग्रेएसक्यूएल हे डेटाबेस सॉफ्टवेअर मोफत आहे, विंडोजवर चालणारे पॉवर बीआय डेस्कटॉप मोफत आहे, आणि एनपीटीईएलचे (आयआयटींच्या प्राध्यापकांचे ऑनलाइन) अभ्यासक्रम ऐकायला पैसे पडत नाहीत. प्रमाणपत्राच्या परीक्षेचे तेवढे शुल्क आहे. क्लासला जायचेच असेल तर ‘नोकरीची हमी’ म्हणजे काय, हे करारात लेखी पाहावे: किमान पगार किती, नोकरी लागली नाही तर फी परत मिळणार का, आणि केवळ मुलाखतीला पाठवणे यालाच ते हमी म्हणतात का.

सांख्यिकी_धुळे यांचे उत्तर

मी धुळे जिल्ह्यात संख्याशास्त्र शिकवतो, त्यामुळे माझे मत थोडे पक्षपाती असेल, हे आधीच सांगतो. एसक्यूएल आणि पायथन नोकरीत राहूनही शिकता येतात. प्रयोगांची रचना, बहुचल विश्लेषण आणि अनुमानशास्त्र नोकरीच्या धबडग्यात स्वतःहून शिकलेले विद्यार्थी मी फार कमी पाहिले आहेत. सायंटिस्ट होण्याची इच्छा असेल तर एम.एस्सी.ची दोन वर्षे वाया जाणार नाहीत. मात्र केवळ आणखी एक पदवी हवी म्हणून ती करू नये.

या चर्चेत सरकारी वाटेचा उल्लेख कुणी केला नाही, याचे आश्चर्य वाटले. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या भारतीय सांख्यिकी सेवेच्या परीक्षेला संख्याशास्त्र हा विषय असलेली पदवी चालते, पदव्युत्तर पदवीची अट नाही. राज्याचे अर्थ व सांख्यिकी संचालनालय आहे, त्याची जिल्हा कार्यालये आहेत आणि ती ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’ प्रसिद्ध करतात. जळगावचे समालोचन जरूर चाळा. वडिलांना सुरक्षितता हवी आणि तुम्हाला तुमचा विषय हवा, तर बँकेच्या परीक्षेपेक्षा ही परीक्षा दोघांनाही जवळची वाटेल. जागा थोड्या आणि अभ्यास कठीण, हे मात्र लक्षात ठेवावे.

नंदुरबार जिल्हा २०१८ पासून विकासात मागे राहिलेल्या जिल्ह्यांसाठीच्या केंद्राच्या आकांक्षित जिल्हा कार्यक्रमात आहे, आणि तेथील आरोग्य, पोषण व शिक्षणाची प्रगती निर्देशकांवर मोजली जाते. अशा ठिकाणी संख्याशास्त्र शिकलेल्या माणसाची गरज कशी भासते पाहा. समजा, एखाद्या तालुक्यात कुपोषित बालकांची नोंद अचानक वाढली. कुपोषण वाढले, की आजवर ज्या पाड्यांवर वजनकाटा पोहोचत नव्हता तिथे तो पोहोचला? तक्ता या दोन्ही शक्यता एकसारख्याच दाखवतो. नोंद कुणी, कुठे आणि कशी घेतली, हे विचारण्याची सवय नमुना पाहणीच्या अभ्यासातून लागते, आणि तो विषय तुम्हाला आवडतो असे तुम्हीच लिहिले आहे.

दाणाबाजार_जळगाव यांचे उत्तर

खान्देशात काम आहे, पण ते ‘डेटा’ या नावाने शोधलेत तर सापडणार नाही. मी जळगावात डाळ मिलमध्ये हिशेब आणि उत्पादनाच्या नोंदी पाहतो. कोणत्या लॉटमध्ये डाळीचा उतारा किती पडला, चुनी (डाळीचा चुरा) किती निघाली, कच्च्या मालातील ओलाव्याशी त्याचा काय संबंध आहे, हे मी टॅलीतून आणि गेटपासच्या नोंदींतून काढून मालकांना दाखवतो, आणि खरेदीचा भाव ठरवताना त्याचा उपयोग होतो. पाईपचे कारखाने, जिनिंग, सराफा, दूध संघ, सगळीकडे अशा नोंदी पडून आहेत. पगार पुण्यापेक्षा कमी असतो आणि शिकवायला वरिष्ठ कुणी नसते. नव्या माणसासाठी ही दुसरी अडचण मोठी आहे. म्हणून आधी बाहेर काही वर्षे काढून मग इकडे यावे, असे मला वाटते.

केळीपट्टा_रावेर

सर्वांचे मनापासून आभार. घरी हा धागा वाचून दाखवला. क्लासच्या कराराची प्रत मागवतो असे भाऊ म्हणाला. एम.एस्सी.च्या प्रवेशाला अजून अवकाश आहे, तोवर केळीच्या भावावर एक छोटा प्रकल्प करावा असा विचार आहे. बाजार समितीचे दर संकेतस्थळावर मिळतात, तेवढे पुरेसे होतील का?

तापीकाठ_चोपडा

तेवढेच घेतलेत तर तुमचा प्रकल्प इतर शंभर जणांसारखा होईल, शिवाय निष्कर्षही फसवा निघेल. संकेतस्थळावर किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर असतात. पण आपल्याकडे केळी बहुतांशी शेतातूनच कापून ट्रकमध्ये भरली जाते, आणि जाहीर झालेला भाव व शेतकऱ्याच्या हाती पडलेला भाव यांत अंतर राहते, हे तुमच्या वडिलांना कुणी सांगायला नको. तेच अंतर मोजा. घरच्या आणि शेजाऱ्यांच्या विक्रीच्या पट्ट्या त्यांच्या संमतीने घ्या, नावे गाळून केवळ क्रमांक द्या, आणि कापणीची तारीख, वजन, घट, मिळालेला दर व बाग नवतीची (नव्या लागवडीची) की पिलबागेची (जुन्या खुंटाला आलेल्या पिलांची) हे नोंदवा. त्याच दिवसाच्या जाहीर दराशी ताडून पाहिले, तर भाव चढता असताना हे अंतर वाढते की उतरता असताना, हे दिसू लागेल.

तक्ते पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये ठेवा, विश्लेषण आरमध्येच केले तरी चालेल. एक सूचना मात्र आहे. ओळखीच्या शेतकऱ्यांच्या पट्ट्या हा यादृच्छिक नमुना नव्हे, तेव्हा त्यावरून साऱ्या तालुक्याविषयी विधान करता येणार नाही. हे अहवालाच्या पहिल्याच पानावर लिहा; मुलाखत घेणारा जाणकार असेल तर तो आधी तेच वाक्य शोधेल.