दोन टाक्यांच्या जुन्या पेट्रोल ट्रकला इलेक्ट्रिक फ्युएल पंप: कॉकच्या आधी की नंतर?

घोडबंदरकर (ठाणे)

नमस्कार. माझ्याकडे लष्करी लिलावातून आलेला जुना निसान वन-टन आहे. इंजिन सहा सिलिंडरचे, पेट्रोलवर चालणारे, कार्बोरेटरचे. आणि त्याच्या कडेला कॅमवर चालणारा एसी पंप, म्हणजे टाकीतून पेट्रोल ओढणारा यांत्रिक पंप. मुख्य टाकीखेरीज आधीच्या मालकाने मागच्या ॲक्सलपलीकडे दुसरी टाकी बसवून घेतली असून, दोन्ही टाक्यांचे पाइप चालकाच्या सीटखालील पितळी तीन-तोंडी कॉकमध्ये येतात व तेथून एकच पाइप पंपाकडे जातो. जास्तीचे पेट्रोल टाकीत परत नेणारी रिटर्न लाइन नाही.

मुख्य टाकीवर गाडी बिनतक्रार चालते. मागच्या टाकीवर मात्र दुपारच्या उन्हात गायमुखच्या चढावर ती मिसिंग मारू लागते आणि कॉक मुख्य टाकीकडे फिरवला की थोड्या वेळाने सावरते. शिवाय कापूरबावडीच्या कोंडीत तापलेली गाडी बंद केली, तर पुन्हा सुरू करताना सेल्फ बराच वेळ मारावा लागतो. मेकॅनिकचे म्हणणे असे की, एसी पंप काढून इलेक्ट्रिक पंप बसवला की सगळे मिटेल. तसे असेल तर पंप कॉकच्या आधी बसवावा की नंतर, एक पुरेल की प्रत्येक टाकीला वेगळा लागेल, आणि एसी पंप जागेवर राहू द्यावा का, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

तुर्भे गॅरेज

साहेब, आपण दोन वेगळ्या तक्रारी एकत्र सांगत आहात, आणि माझ्या मते त्यांतील एकीवरच इलेक्ट्रिक पंप हा उपाय आहे. एसी पंप इंजिनावर बसून लांबवरून पेट्रोल ओढतो. ओढणाऱ्या पाइपातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असल्यामुळे तापलेले पेट्रोल तेथे लवकर उकळते, त्याची वाफ होते आणि पंप वाफच हलवत बसतो. कोंडीनंतर गाडी लवकर सुरू न होण्याचे कारण बहुधा हेच असावे.

पण फक्त मागच्याच टाकीवर गाडी अडते, याचा अर्थ त्या बाजूची लाइन एअर घेत असण्याची शक्यता मोठी आहे. कॉक आणि एसी पंप यांच्या मध्ये पारदर्शक फिल्टर लावून सकाळी, गाडी थंड असताना, मागच्या टाकीवर इंजिन चालवून पाहा. थंड पेट्रोल उकळत नाही. तेव्हाही बुडबुडे दिसले तर ती हवाच आहे. मग उघड्या जागेत, कॉक वगळून, मागच्या टाकीचा पाइप तात्पुरत्या होजने थेट फिल्टरला जोडा. बुडबुडे थांबले तर दोष कॉकच्या पॅकिंगमध्ये, थांबले नाहीत तर टाकीकडच्या सांध्यात किंवा गंजलेल्या पाइपात. टाकीचे झाकण सैल करून फरक पडतो का, हेही पाहा. कधीकधी हवेचे छिद्रच बुजलेले असते.

हे आधी करा असा माझा आग्रह एवढ्यासाठी की, पंप टाकीजवळ, म्हणजे कॉकच्या आधी बसवला की पुढची सगळी लाइन दाबाखाली येते. ज्या फटीतून आज हवा आत जाते, तिच्यातूनच उद्या पेट्रोल बाहेर येईल, आणि तो कॉक तुमच्या सीटखाली आहे.

ऐरोलीचा वायरमन

वरील मताशी सहमत आहे. विजेच्या बाजूचे थोडे सांगतो. प्रथम गाडी 12 व्होल्टची आहे की 24 व्होल्टची, हे बॅटरीवर मोजून घ्या, कारण लष्करी गाड्यांमध्ये दोन्ही प्रकार आढळतात. पंपाला रिलेतून वीज द्या आणि फ्यूज बॅटरीच्या जवळ ठेवा. रिलेचा सप्लाय नुसत्या इग्निशनवरून घेऊ नका. अपघातात इंजिन बंद पडले आणि चावी चालूच राहिली, तर पंप तुटलेल्या पाइपातून पेट्रोल ओतत राहील. म्हणून मध्ये ऑइल प्रेशरचा स्विच घालावा आणि सेल्फ मारताना पंप चालावा यासाठी सोलेनॉइडवरून वेगळी वायर द्यावी. मात्र डॅशबोर्डवरील ऑइलच्या दिव्याचा स्विच येथे चालत नाही. तो दाब नसताना जोडलेला असतो. आपल्याला दाब आल्यावर जोडणारा हवा.

घोडबंदरकर (ठाणे)

दोघांचेही आभार. सांगितल्याप्रमाणे तपासले. सकाळी थंड इंजिनावरही बुडबुडे होते आणि कॉक वगळताच ते थांबले. झाकण सैल करून काही फरक पडला नाही. कॉक बदलतोच आहे, पण कोंडीतल्या त्रासासाठी पंपही बसवायचा आहे. कुर्ल्याच्या बाजारात इंजेक्शनच्या गाड्यांचे पंप स्वस्तात मिळतात. ते दाब कमी करणारा रेग्युलेटर लावून चालतील का?

तुर्भे गॅरेज

चालणार नाहीत. इंजेक्शनचा पंप साधारण 3 बार किंवा त्याहून जास्त दाब देतो, आणि तुमच्या कार्बोरेटरला 3 ते 5 पीएसआय, म्हणजे त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास पुरतो. एवढ्या दाबापुढे फ्लोटची नीडल, म्हणजे कार्बोरेटरमध्ये येणारे पेट्रोल अडवणारी सुई, तग धरत नाही. कार्बोरेटर ओसंडतो आणि पेट्रोल गरम मॅनिफोल्डवर किंवा सिलिंडरमार्गे ऑइलमध्ये उतरते. कार्बोरेटरसाठीचाच कमी दाबाचा पंप घ्या आणि बसवल्यावर गेज लावून दाब मोजा.

जागेबाबत माझे मत असे की, सीटखालचा कॉक काढून त्याऐवजी विजेवर चालणारा सिलेक्टर व्हॉल्व्ह चेसिसवर, दोन टाक्यांच्या मध्ये, सायलेन्सरपासून दूर लावावा आणि लगेच पुढे एकच पंप, शक्यतो टाकीच्या तळापेक्षा खाली बसवावा. हे पंप ढकलण्यात तरबेज असतात, ओढण्यात नाहीत. पंपाच्या आधी जाड जाळीचा फिल्टर आणि पुढे बारीक फिल्टर हवा. होज पाइप 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला टिकणारेच घ्या. जुने रबर या पेट्रोलात फुगते आणि तडकते.

एसी पंप मात्र काढाच. तो मध्ये राहिला आणि त्याचा डायफ्रॅम फाटला, तर इलेक्ट्रिक पंप सगळे पेट्रोल थेट ऑइल चेंबरमध्ये ढकलेल. त्याच्या जागी उरलेले भोक बंद करायला लावायची पट्टी वागळे इस्टेटमधला कोणताही लेथवाला कापून देईल. पॅकिंग जुन्या पंपाच्या तोंडावर ठेवून भोके आखून घ्या.

पुढेमागे रिटर्न लाइन काढायची ठरली, तर सहा तोंडांचा व्हॉल्व्ह घ्यावा लागेल, कारण ज्या टाकीतून पेट्रोल निघते तिच्यातच ते परतले पाहिजे. तीन तोंडांचाच ठेवून रिटर्न मुख्य टाकीत सोडला, तर मागच्या टाकीवर चालताना मुख्य टाकी भरत जाईल आणि ती आधीच काठोकाठ असेल तर झाकणातून पेट्रोल बाहेर येईल.