रॅम्प आहे, पण चढता येत नाही. पत्रात काय मागू?

चाकवाली
एम.ए. मराठीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. हातानं ढकलायची व्हीलचेअर वापरते. हॉस्टेल ते लायब्ररी इतरांना पाच मिनिटं, मला पंचवीस. फूटपाथचे पेव्हर ब्लॉक झाडांच्या मुळांनी वर आलेत. दुचाक्या घुसू नयेत म्हणून तोंडाशीच लोखंडी खांब ठोकलेत, त्यांच्यातलं अंतर ६० सेंमी. माझी खुर्ची ६६. मग रस्त्यावरून जाते आणि हॉर्न खाते.

कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकची समिती यायच्या आधी आठवड्यात लायब्ररीला रॅम्प झाला. तीन पायऱ्यांच्या कडेला, जेमतेम दोन मीटरचा, वर चकचकीत ग्रॅनाइट. फोटो छान आले. मी अर्ध्यावरून मागे घसरते.

‘सांग गं, आम्ही चौघं उचलून नेऊ’ असं मुलं मनापासून म्हणतात. पण एक पुस्तक बदलायला चौघं? कुलसचिवांना पत्र लिहायचंय. नुसतं ‘सोय करा’ म्हटलं तर पुन्हा असलाच रॅम्प यायचा.

साइटवाला
मापं लिहा. उतार १:१२, म्हणजे एक सेंमी चढायला बारा सेंमी लांबी. पायरी १५ सेंमीची धरली तर चढ ४५ सेंमी, म्हणजे रॅम्प ५ मीटर ४० सेंमी हवा. सरळ जागा नसेल तर मध्ये वळवायचा, पण वळणावर आणि दोन्ही टोकांना दीड मीटर सपाट जागा ठेवून. दोन्हीकडे धरायला दांडा, फरशी खरबरीत. खांबांमध्ये निदान ९० सेंमी. खरं सांगू? आम्हाला नुसतं ‘रॅम्प’ सांगितलं की आम्ही सिमेंटची हातगाडी चढेल असा उतार करून मोकळे होतो.

पांढरी काठी
आम्हा न दिसणाऱ्यांसाठीच्या पिवळ्या फरश्यांचंही लिही. रेघांची फरशी म्हणजे अशी चाल, ठिपक्यांची म्हणजे थांब, पुढे काहीतरी आहे. आमच्या कॉलेजात दोन्ही एकाआड एक बसवल्यात, शोभेसाठी. फुटाफुटावर थांबत गेलो तर तास संपायचा.

कलमबहाद्दर
दिव्यांग हक्क कायदा, २०१६. कलम १६ मध्ये शैक्षणिक संस्थेची इमारत आणि परिसर दोन्ही सुगम हवेत असं आहे. जुन्या सार्वजनिक इमारतींना कलम ४५ नं नियम आल्यापासून पाच वर्षं दिली होती. नियम जून २०१७ चे, हिशेब तुम्हीच करा. उत्तर आलं नाही तर पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार. पोच मात्र शिक्क्यासकट घ्या.

साइटवाला
आणि सगळा कॅम्पस एकदम मागू नका. तुकड्यातुकड्यानं करतील आणि एकही वाट पुरी होणार नाही. एकच वाट मागा, पण अखंड.

चाकवाली
पटलं. हॉस्टेल, मेस, लायब्ररी, एवढीच मागते.

आज टेप घेऊन निघाले, दुसरं टोक गेटवरच्या वॉचमनकाकांनी धरलं. अडथळे निघाले अकरा. त्यातला एक मला माहीतच नव्हता, कारण तिथवर मी कधी पोचलेच नाही: लायब्ररीच्या दारातला चार सेंमीचा उंबरठा. खांबापाशी काका जरा घुटमळले. म्हणाले, ‘ताई, हे मीच मागे लागून बसवून घेतले. पोरं गाड्या घालायची.’ मग स्वतःच टेप ताणून म्हणाले, ‘मधला काढला तर जाईल ना खुर्ची?’

जाते. १२५ सेंमी भरतंय.