ग्रॅहम ग्रीनची ‘द केस फॉर द डिफेन्स’ : खून नेमका कुणी केला?

मलप्रभाकाठ (खानापूर):
नमस्कार मंडळी. आमच्या वाचन मंडळात या कथेचं मराठीतून अभिवाचन ठेवलंय. १९३९ची कथा, लंडनच्या पेकहॅमकडच्या एका खुनाचा खटला. मिसेस पार्करला हातोड्यानं मारल्याचा आरोप अॅडम्सवर; ऐनवेळी त्याचा हुबेहूब जुळा भाऊ कोर्टात उभा राहतो, आरोपी सुटतो, आणि बाहेर पडताच दोघांपैकी एक जण बसखाली जातो. वाचून झाल्यावर मंडळात दोन तट पडलेत. काही म्हणतात, शेवटी बसखाली गेला तोच खुनी, देवानं न्याय केला. बाकीचे म्हणतात, निर्दोष भाऊ हकनाक गेला. कथेत याचं उत्तर कुठं दडलंय का? चार साक्षीदार हाताशी असताना खटला एका झटक्यात कसा कोसळला? आणि नावं-गावं बदलून कथा बेळगावच्या कोर्टात आणली तर चालेल का?

कोर्टआवार (बेळगाव):
दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे.

सरकार पक्षाकडे साक्षीदार चार, पण पुरावा एकच : चेहरा. मिसेस सॅमननं रात्री दोनच्या सुमारास खिडकीतून अॅडम्सला मिसेस पार्करच्या दारात पाहिलं, हातातला हातोडा झुडपात टाकताना पाहिलं. शेजारचे मिस्टर व्हीलर खुर्ची पडल्यासारख्या आवाजानं उठले, त्यांनीही तेच बटबटीत डोळे पाहिले. मॅकडूगलच्या गाडीखाली तो येता येता वाचला. सगळे खरं बोलतायत, आणि सगळ्यांच्या साक्षीत तीच एक फट आहे. अगदी तसाच दिसणारा जुळा भाऊ समोर उभा राहिला की चौघांची साक्ष एकदम निकामी होते. साक्षीदार चाळीस असते तरी हेच झालं असतं.

आता खुन्याच्या हातातले मोजे बघा. एका वाक्यात येऊन जातात, म्हणून वाचणाऱ्यांच्या नजरेतून सुटतात. जुळ्यांचा चेहरा एक, रक्तगट एक, पण बोटांचे ठसे वेगळे असतात. इंग्लंडात ठशांवरून खुनाची पहिली शिक्षा १९०५ सालीच झाली होती, तीही स्ट्रॅटन नावाच्या दोन भावांना, पेकहॅमला लागूनच असलेल्या डेटफर्डच्या खुनात. म्हणजे या दोघांना वेगळं काढणारा जो एक पुरावा त्या काळी हाताशी होता, तो लेखकानं मोजे घालून आधीच काढून घेतलाय. तेव्हा खुनी कोण, हे कथेत दडलेलं नाही. ते कळूच नये अशी बांधणी आहे.

उलटतपासाचा क्रम अभिवाचनात अजिबात बदलू नका. आधी नजर कशी आहे, मग वय, मग रस्त्याची रुंदी, मग रात्रीची वेळ. ऐकणाऱ्याला वाटतं, बचावाचा वकील मिसेस सॅमनची साक्ष पोखरतोय. प्रत्यक्षात उलट आहे. चष्मा कधी लागला नाही, चांदणं होतं, दिव्याचा उजेड तोंडावर होता, असा चेहरा विसरायचा नाही, असं तो तिच्याच तोंडून पक्कं करून घेतो. चेहऱ्याची खात्री जितकी घट्ट, तितका पुढचा घाव खोल. मग तो कोर्टात मागं बसलेल्या भावाला उभं करतो. तसाच निळा सूट, तसाच टाय. हे कपडे योगायोगानं जुळलेले नाहीत.

आणखी एक धागा : आरोपी घरी बायकोजवळ होता हा त्याचा बचाव, आणि भावाचंही म्हणणं तेच, तोही आपल्या बायकोजवळ. चेहरा दोघांपैकी एकाचा असेल, तर दोहोंपैकी एक हकिगत खोटी. कोणती, ते ठरवायला साधन नाही. म्हणून संशयाचा फायदा, म्हणून सुटका. यात मिसेस सॅमन खोटी पडली असं कुठंही होत नाही.

बेळगावात मात्र आणू नका. इथं ज्यूरी नाही, सत्र न्यायाधीश निकाल देतात, आणि सुटकेविरुद्ध सरकार उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाकडे अपील करू शकतं. त्या काळच्या इंग्लंडात ज्यूरीनं सोडलं की विषय संपला, आणि दोषी ठरला तर फाशी. कथेचा सगळा ताण या दोन टोकांवर आहे. शिवाय आपल्याकडे साक्ष मराठीत आणि नोंद कन्नडमध्ये असा वेगळाच गुंता शिरेल. तो विषय मोठा आहे, त्याला स्वतंत्र कथा पाहिजे.

निपाणी वाचक:
वरच्याशी सहमत. मुलं उत्तरपत्रिकेत ‘दैवी न्याय झाला’ असं ठोकून लिहितात, तिथं गुण जातात. निवेदक पत्रकार आहे, अपघाताच्या वेळी अगदी जवळ होता, आणि तोच देवाचा सूड होता का असं विचारून म्हणतो, मला कळलं असतं तर बरं झालं असतं. त्याचा प्रश्न आपण उत्तर म्हणून लिहायचा नाही. मेलेल्याचं डोकं मिसेस पार्करसारखंच फुटलं, या साम्यामुळं मन तिकडं ओढ घेतं हे खरं. ती ओढ लेखकानं मुद्दाम लावलीय, पुरावा म्हणून तिची किंमत शून्य.

माझ्या मते कथा अॅडम्सची नाहीच, मिसेस सॅमनची आहे. उरलेला भाऊ प्रेताजवळून उठतो, रडत असतो, आणि सरळ तिच्याकडं बघतो. खुनाच्या रात्रीही त्या माणसानं वर तिच्या खिडकीकडंच पाहिलं होतं. या दोन नजरा वाचणाऱ्यानं एकाच लयीत वाचाव्यात, मधे कितीही मजकूर गेला असला तरी ऐकणाऱ्याच्या लक्षात येतं. आणि दोन्ही भावांची वाक्यं एकाच माणसाला द्या. बाहेर पडताना ‘मला सोडलंय ना’ असं म्हणणारा कोण, हे कथेतही कुणाला कळत नाही.

मलप्रभाकाठ (खानापूर):
छान उलगडलंत दोघांनी. एक राहिलं ओ. उरलेल्या भावावर पोलिसांना परत खटला घालता आला असता का?

कोर्टआवार (बेळगाव):
मेला कोण आणि उरला कोण हे काढता येतं. आरोपी अटकेत होता, तिथं ठसे घेतलेले असणार, ते जुळवले की झालं. उरलेला जर सुटलेला आरोपी निघाला, तर त्याच खुनासाठी त्याच्यावर पुन्हा खटला नाही. दुसरा भाऊ निघाला, तर कायद्यानं वाट मोकळी आहे, पण पिंजऱ्यात आणायला तेच साक्षीदार आणि तोच चेहरा. नवा वकील मेलेल्या भावाचा फोटो मिसेस सॅमनच्या हातात देईल आणि तोच शेवटचा प्रश्न विचारेल : तुम्ही पाहिलेला माणूस हा नव्हता, असं शपथेवर सांगाल का?