'देवेकूत'ला मराठीत काय म्हणायचं?

ज्यूंच्या गूढवादावर थोडं वाचतोय, त्यात 'देवेकूत' हा हिब्रू शब्द सारखा येतो. तोरा-तालमूद (ज्यूंचे धर्मग्रंथ) वाचता वाचता देवाशी जोडलं जाणं असा काहीसा अर्थ लागतोय. मराठीत तादात्म्य चालेल का? आणि यात आपला 'देव' आहे का हो?

– नाही हो, देव योगायोगाने घुसलाय. धातूचा अर्थ सरळ चिकटणे. आजच्या हिब्रूत देवेक म्हणजे चक्क गोंद. बायबलात उत्पत्ती २:२४ मध्ये नवरा बायकोला धरून राहतो तिथे हाच धातू, आणि बायबलातल्याच 'अनुवाद' या पुस्तकात ४:४ मध्ये लोक देवाला धरून राहिले तिथेही हाच. तादात्म्यात दोघांचं एक होतं, गोंदाने चिकटवलेले कागद दोनच राहतात, म्हणून मला तो शब्द नाही पटत.

– मग 'लागणे' घ्या की राव! नाद लागतो, तंद्री लागते, समाधी लागते. आणि गंमत बघा, मेलेल्याचा आत्मा जिवंत माणसाला झपाटतो तो 'दिब्बुक', तोही याच धातूतला. आपल्याकडेही भूत लागतंच ना.

– लागणे मस्त, पण अभ्यासात मन कशाला लावायचं यावरच ज्यूंच्यात जुनं भांडण आहे. हसीदी या भक्तिपंथाचे प्रवर्तक बाल शेम तोव (मृत्यू १७६०) आणि त्यांचे हसीदी अनुयायी म्हणायचे अक्षरांच्या आतल्या उजेडाला चिकटा. वोलोझिन गावचे रब्बी (ज्यू धर्मगुरू) हायिम म्हणायचे छे, समोरच्या मजकुराला चिकटा. आता मिश्नातला (तालमूदाच्या गाभ्यातला कायदेसंग्रह) हा खटला घ्या, बैलाने गाय भोसकली, शेजारी मेलेलं वासरू सापडलं, ते आधीच जन्मलेलं की शिंग लागल्यावर पडलं कुणालाच माहीत नाही, तर गाईची अर्धी भरपाई आणि वासराची पाव. हे सोडवताना मन देवाकडे गेलं की हिशोब बोंबलला. शिवाय हायिम यांच्या मते देव, त्याची इच्छा आणि त्याचं वचन एकच, मग त्या पाव भरपाईत डोकं घालणं हेच देवेकूत, वेगळं काही करायचंच नाही. १८०३ च्या सुमारास त्यांनी येशिवा (धर्मशिक्षणाची पाठशाळा) काढली तिथे रात्रीही पाळीपाळीने पोरं वाचत बसायची, का तर जगात एक क्षण जरी तोरा वाचणारं कुणी नसलं तरी जगच उरणार नाही.

– बापरे, नाइट शिफ्ट! पण मग वोलोझिनवाल्यांना 'लागणे' कसं चालेल, त्यांना तर लागलंय हे कळतही नसणार?

– डोळा लागतो तेव्हा तरी कुठे कळतं.