आईला नमस्कार, पण बैठकीत जागा नाही

रानजाई
सह्यकडा यांनी गेल्या आठवड्यात लिहिले की, "स्त्री निसर्गतःच शांतताप्रिय असते, युद्ध पुरुष करतात आणि ते थांबवण्याची उपजत बुद्धी आईच्या काळजात असते." पुरावा म्हणून त्यांनी नागालँडमधल्या नागा मातांचे उदाहरण दिले. ते वाक्य चार दिवस माझ्या मनातून जाईना, म्हणून हे सविस्तर उत्तर.

नागा मदर्स असोसिएशन १९८४ मध्ये कोहिमात स्थापन झाली, ती मुख्यतः दारू आणि अमली पदार्थांविरुद्ध. नव्वदच्या दशकाच्या मध्याला, वेगळ्या नागा राष्ट्रासाठी लढणारे भूमिगत गट एकमेकांचीच माणसे मारत होते तेव्हा, या स्त्रियांनी 'आता आणखी रक्त सांडू नका' अशी मोहीम हाती घेतली. ज्या प्रेतांवर हक्क सांगायला कोणी पुढे येत नव्हते त्यांच्यावर शाल पांघरून मूठमाती दिली, भूमिगतांच्या तळांपर्यंत पायपीट केली, चर्च, गावबुढे (गावप्रमुख) आणि जमातींच्या संघटनांशी बोलणी केली. कोणाचा शब्द कोण ऐकेल, आधी कोणाकडे जायचे, कोणापुढे कोणता विषय काढायचा नाही, हे वर्षानुवर्षे शिकून अंगी येणारे कसब आहे. त्याला 'आईचे काळीज' म्हटले की श्रेय निसर्गाच्या खात्यावर जमा होते आणि बाई रिकाम्या हाताने घरी जाते.

तसे झालेही. नागालँड राज्य १९६३ मध्ये झाले आणि विधानसभेत पहिल्या दोन स्त्रिया, हेकानी जाखालू आणि साल्हौतुओनुओ क्रुसे, निवडून आल्या २०२३ मध्ये. २०१७ च्या सुरुवातीला नगरपालिकांत ३३ टक्के जागा स्त्रियांसाठी ठेवून निवडणूक घ्यायचे ठरले, तेव्हा जमातींच्या संघटना नागा रूढी-कायद्यांना संरक्षण देणारे राज्यघटनेचे कलम ३७१ (अ) आणि रूढी पुढे करून उभ्या राहिल्या. दिमापुरात दोन तरुणांचा जीव गेला, कोहिमात नगरपालिकेची इमारत जाळली गेली आणि मुख्यमंत्री झेलियांग यांना पद सोडावे लागले. ती निवडणूक अखेर जून २०२४ मध्ये झाली. समेट घडवून आणताना ज्या स्त्रिया 'माता' होत्या, त्या नगरपालिकेत बसायला निघाल्या की परंपरेचे उल्लंघन करणाऱ्या ठरल्या. या दोन्ही गोष्टी एकाच समजुतीतून येतात, आणि सह्यकडा, आपले वाक्य त्याच समजुतीचे आहे.

सह्यकडा
मी आदराने लिहिले आणि आपण त्यात अपमान शोधलात, याचे वाईट वाटते. नागा समाजाने स्त्रीला दिलेला मान हा काही माझ्या मनाचा खेळ नाही. तांगखुल नागांमध्ये 'पुकरेला' असते. एका गावची लेक दुसऱ्या गावात नांदायला जाते, आणि पुढे त्या दोन गावांत भाले उचलले गेले तर ती मध्ये उभी राहते. तिच्या अंगाला कोणी हात लावत नाही, ती जखमींना आणि मृतांना सुरक्षित बाहेर काढू देते. एका बाजूला माहेर आणि दुसऱ्या बाजूला सासर असलेल्या त्या बाईच्या मनात काय चालत असेल, हे समजायला समाजशास्त्राची पदवी लागत नाही. आपल्याकडच्या कोणत्याही बाईला ते समजेल.

रानजाई
पुकरेलाचे उदाहरण आपण दिलेत, आणि तेच आपल्या विरुद्ध जाते. तिचे संरक्षण तिच्या आईपणातून आलेले नाही, कारण आई तर त्या गावातली प्रत्येक बाई होती. गावातल्या गावात लग्न केलेल्या बाईला तो अधिकार नव्हता. दोन्हीकडे रक्ताचे किंवा लग्नाचे नाते असलेल्या बाईलाच तो होता, कारण दोन्ही बाजूंना तिला ओलांडणे परवडणारे नव्हते. म्हणजे तो एक नेमलेला अधिकार होता, त्याला नाव होते आणि सर्वांची मान्यता होती. मी तेच मागते आहे. आजच्या नागा शांतता वाटाघाटींत असा मान्यताप्राप्त अधिकार कोणत्या स्त्रीला आहे, ते सांगा. केंद्र सरकार आणि एनएससीएन (आयएम) हा नागा भूमिगत गट यांच्यातल्या ३ ऑगस्ट २०१५ च्या आराखडा करारावर दोन्ही पक्षांकडून पुरुषांनीच सह्या केल्या.

तिसरा काठ
दोघांनीही मणिपूरला वळसा घातला आहे. २४ जून २०२३ रोजी इथाम गावात लष्कराने एका सशस्त्र गटाच्या १२ जणांना पकडले होते. स्त्रियांच्या पुढाकाराने बाराशे ते दीड हजारांचा जमाव आडवा आला आणि रक्तपात टाळण्यासाठी लष्कराला त्या १२ जणांना सोडून द्यावे लागले. मैरा पाइबी म्हणजे रात्री हातात मशाली घेऊन गस्त घालणाऱ्या स्त्रिया. २००४ मध्ये आसाम रायफल्सने ताब्यात घेतलेल्या थांगजम मनोरमाच्या हत्येनंतर इंफाळच्या कांगला किल्ल्यापुढे १२ स्त्रियांनी विवस्त्र होऊन निषेध केला, तो आठवला की आजही अंगावर काटा येतो. त्याच परंपरेतल्या स्त्रिया २०२३ मध्ये आपल्या मैतेई समाजाच्या सशस्त्र तरुणांना वाचवायला रस्त्यावर उतरल्या. त्यांना शांततेच्या देवता म्हणणे खोटे आहे आणि त्यांना खलनायिका ठरवणेही खोटे आहे. त्या एका बाजूच्या आहेत, जसे पुरुष एका बाजूचे असतात. म्हणून रानजाई, स्त्रियांना बैठकीत बसवले की शांतता येईल, ही आपली आशाही मला तितकीच भाबडी वाटते.

रानजाई
तशी आशा मी कुठेही व्यक्त केलेली नाही. माझा लेख पुन्हा वाचावा. ज्यांची घरे जळतात त्यांना बोलण्याचा हक्क असावा, एवढेच माझे म्हणणे आहे. पुरुष बैठकीत बसले म्हणून शांतता येईलच, अशी हमी त्यांच्याकडून कोणी मागत नाही. ती फक्त आमच्याकडूनच का मागितली जाते?

लागनकाठ
मी १४ वर्षे बेलफास्टमध्ये परिचारिका आहे, म्हणून इथला अनुभव सांगते. इथला कॅथलिक-प्रॉटेस्टंट संघर्ष मिटवण्याच्या वाटाघाटींसाठी १९९६ मध्ये निवडणूक झाली, तिच्या तोंडावर मोनिका मॅकविल्यम्स या कॅथलिक आणि पर्ल सॅगर या प्रॉटेस्टंट बाईंनी मिळून नॉर्दर्न आयर्लंड विमेन्स कोअॅलिशन हा पक्ष उभा केला. मते मिळाली एक टक्क्याच्या आसपास, तरी वाटाघाटींत दोन जागा मिळाल्या, कारण पहिल्या दहा पक्षांना प्रत्येकी दोन जास्तीच्या जागा देण्याचा नियम होता. त्या बोलायला उभ्या राहिल्या की काही पुरुष प्रतिनिधी गाईसारखे हंबरत. तरीही १९९८ च्या बेलफास्ट शांतता करारात हिंसेच्या बळींची दखल, दोन्ही धर्मांच्या मुलांच्या एकत्र शाळा आणि राजकारणात स्त्रियांच्या समान सहभागाचा हक्क यांसाठी त्या झटल्या आणि ते शब्द करारात आले. माझ्यासोबत काम करणारी एक वयस्कर परिचारिका स्फोटांच्या रात्री दोन्ही वस्त्यांतली माणसे एकाच वॉर्डात सांभाळत असे. ती त्या दोघींविषयी आजही अभिमानाने बोलते. त्यांना जागा मिळाली ती नियमामुळे. पुढे तसा नियम उरला नाही आणि २००६ मध्ये पक्षही विसर्जित झाला.

हवालदार (निवृत्त), सातारा
कोहिमा झाले, इंफाळ झाले, आता बेलफास्टही झाले. मी तीन वर्षे नागालँडमध्ये नोकरी केली आहे. आमच्या तालुक्यात घरटी एक माणूस फौजेत असतो, त्या घरांतल्या बायकांचे युद्ध आपल्या कोणाच्या हिशेबात आहे का? माझी पत्नी शेत, म्हातारे सासू-सासरे आणि दोन लेकरे एकटीने ओढत होती. गावात एसटीडीचा एकच बूथ होता, त्यापुढे ती रविवारी तीन तास रांगेत उभी राहायची आणि तिकडून लाइन लागायची नाही. तिने कोणता मोर्चा काढला नाही म्हणून ती या चर्चेत नाही. आपण शिकलेल्या लोकांना लांबच्या बायकांचा कळवळा फार लवकर येतो, हे मी स्पष्ट बोलतो.

दारातली तुळस
हवालदार साहेब, आपल्या पत्नीविषयी मला मनापासून आदर आहे, पण आपणही तिच्या वतीनेच बोलत आहात. मी स्वतःविषयी बोलते.

माझे पती गेले तेव्हा मी २६ वर्षांची होते. दर १५ ऑगस्टला मला व्यासपीठावर बोलावतात, शाल-श्रीफळ देतात आणि 'वीरपत्नी' म्हणून टाळ्या वाजवतात. पती गेले त्याच वर्षी एका कार्यालयात कागदावर सही करायला गेले तर समोरच्या माणसाने माझ्याकडे न पाहता विचारले, "घरातले कोणी पुरुष माणूस आले नाही का?" घरी दिराशी लग्न करण्याचा विषय निघाला. तो केवळ घरातल्यांचा हट्ट नव्हता, सरकारी नियमच त्या हट्टाच्या पाठीशी होता. शौर्यपदकाबरोबर मिळणारा मासिक भत्ता विधवेने पुनर्विवाह केला की बंद होत असे, आणि दिवंगत पतीच्या भावाशी केला तर मात्र चालू राहत असे. संरक्षण मंत्रालयाने ही अट नोव्हेंबर २०१७ मध्ये काढली. दोन हजार सतरा! तोपर्यंत माझ्यासारखीने कोणाशी लग्न करावे, यावर भत्ता अवलंबून होता.

रानजाई म्हणतात ते मला म्हणूनच पटते. शाल देणारे आणि सहीसाठी पुरुष माणूस शोधणारे लोक वेगळे नव्हते.

हवालदार (निवृत्त), सातारा
ताई, आपले दुःख मोठे आहे. पण मुलगा गेल्यावर सून सगळे घेऊन माहेरी गेली आणि आईबाप उघडे पडले, अशी दोन घरे मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहेत. त्या म्हातारीने काय करायचे? तीही बाईच आहे ना?

दारातली तुळस
तीही बाईच आहे, आणि तिचा वाटा नियमात स्वतंत्र आणि स्पष्ट लिहावा, असे माझेही म्हणणे आहे. पण सासूच्या पोटाची सोय सुनेच्या लग्नाला दावणीला बांधून करायची, हे मला मान्य नाही. माझ्या सासूबाईंना मी आजही सांभाळते. कोणत्याही नियमाने मला तसे करायला लावलेले नाही.

तिसरा काठ
मूळ प्रश्न नागालँडचा होता.

लागनकाठ
हा मूळ प्रश्नच आहे. बेलफास्टच्या करारात 'बळी' या शब्दात विधवाही येतात, आणि त्यांना पुढे काय मिळावे यावर इथे कित्येक वर्षे वाद झाला.

हवालदार (निवृत्त), सातारा
दिराच्या अटीची मला माहिती नव्हती. तेवीस वर्षे फौजेत काढूनही नव्हती, हे मान्य करतो. सून माहेरी जाते या मुद्द्यावर मात्र माझे मत बदललेले नाही. रात्री हे सगळे पत्नीला वाचून दाखवले. ती म्हणाली, रांग रविवारी नव्हे, बुधवारी असायची. रविवारी बूथ बंद असे.

सह्यकडा
'निसर्गतःच' हा शब्द मी लेखातून काढत आहे, कारण पुकरेलाविषयीचा रानजाई यांचा युक्तिवाद मला खोडता आला नाही. 'आईच्या काळजात' हे शब्द मी ठेवणार आहे. माझ्या आईने भावकीचा जमिनीचा वाद एकटीने मिटवला होता, तो मी विसरू शकत नाही.

रानजाई
ठेवा. फक्त तो वाद मिटल्यावर सातबारावर कोणाची नावे लागली, तेही त्याच परिच्छेदात लिहा.